रिमोट नोकरी पाहिजे? मग आधी अर्ज करणं थांबवा

उमरखेडमध्ये इंजिनिअर झालेल्या पोराला किंवा पोरीला दोनच सल्ले मिळतात. पहिला घरचे, दारचे आणि लग्नात भेटणारे सगळे काका देतात : "पुण्याला जाय." दुसरा मोबाईल देतो : "घरबसल्या महिन्याला लाख कमवा, फक्त या पाच गोष्टी करा." पहिला सल्ला देणाऱ्याला पुण्यातलं खोलीभाडं माहीत नसतं. दुसरा देणाऱ्याचा धंदाच तो व्हिडिओ असतो, किंवा त्याखालच्या लिंकमधला ४,९९९ रुपयांचा कोर्स.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी घेतली, तीन वर्षं पुण्यात काढली आणि गेली अडीच वर्षं उमरखेडच्या घरातून पूर्णवेळ सॉफ्टवेअरचं काम करतो. आठवड्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतो : "दादा, रिमोट जॉब कसा लागतो? रिझ्युमे पाठवू का?" त्या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून हा लेख. उत्तर थोडं भांडकुदळ आहे. भांडण विचारणाऱ्यांशी नाही, त्यांना हा प्रश्न असा विचारायला ज्यांनी शिकवलं त्यांच्याशी आहे.

माझं म्हणणं एवढंच. रिमोट नोकरी अर्जांच्या संख्येवर मिळत नाही. ज्या माणसाने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, त्याने तुमच्यावर विश्वास का ठेवावा, याचं उत्तर तुमच्याकडे लेखी तयार असेल तर मिळते. ते उत्तर उमरखेडमध्ये बसूनही तयार करता येतं. पण ते कसं करायचं हे कुणी सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फारसं काही नाही.

चाळणीचं गणित

"शंभर अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजणं सोडलं. यात अर्ज करणाऱ्याचा दोष शोधायच्या आधी समोरच्या बाजूला काय घडतं ते बघा.

जागा 'पुणे' अशी लिहिलेली असेल तर अर्ज पुण्यातून आणि पुण्याला यायला तयार असलेल्यांकडून येतात. तीच जागा 'रिमोट' लिहिली की बंगळुरू, हैदराबाद, गुडगाव, कोची, सगळा देश एकाच रांगेत उभा राहतो. त्यात पाच वर्षांचा अनुभव असलेले असतात, नावाजलेल्या कॉलेजचे असतात, नुकतीच मोठ्या कंपनीतून नोकरी गेलेले असतात. एचआरमधल्या माणसाला एवढे रिझ्युमे वाचणं शक्य नसतं. तो चाळण लावतो : कॉलेजचं नाव, आधीच्या कंपनीचं नाव, अनुभवाची वर्षं. आपल्या भागातल्या कॉलेजचं नाव त्याने ऐकलेलंच नसतं. तुमचा रिझ्युमे चांगला की वाईट, हा प्रश्न उद्भवायच्या आधीच तो खाली पडलेला असतो.

यावर सल्ला काय मिळतो? रिझ्युमेत अमुक शब्द घाला. अमुक टेम्प्लेट वापरा. झोपेत अर्ज करणारं टूल लावा. आता तर एआयकडून रिझ्युमे लिहून घ्या. पण हे सगळे उपाय रांगेतल्या प्रत्येकाकडे आहेत. सगळ्यांनीच टाचा उंचावल्या की कुणालाच जास्त दिसत नाही.

बाहेरच्या देशांतल्या कंपन्यांच्या जाहिराती वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वर मोठ्या अक्षरात 'रिमोट' असतं आणि खाली बारीक अक्षरात 'फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी'. ही लबाडी नसते. दुसऱ्या देशात माणूस ठेवायचा म्हणजे तिथले कर आणि कामगार कायदे आले, ते प्रत्येक कंपनीला झेपत नाहीत. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत तर तुमचे कितीतरी अर्ज वाचतील.

घरून काम 'देणारी' आणि घरून 'चालणारी'

मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला आणि रिमोट हा शब्द आपल्या गावापर्यंत पोहोचला. हिंजवडीतली पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली, गच्चीवर नेटवर्क शोधत फिरली. एप्रिल २०२०मध्ये टीसीएसने '२५ बाय २५' जाहीर केलं : २०२५पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के लोकांनी ऑफिसात असणं पुरेल. ५ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने बीपीओसारख्या कंपन्यांवरचे दूरसंचार खात्याचे जुने नियम सैल केले, बँक गॅरंटीसारख्या अटी काढल्या आणि कर्मचाऱ्याने घरून काम करायचा रस्ता मोकळा केला. वाटलं, आता खरंच गाव आणि नोकरी दोन्ही एकाच ठिकाणी राहतील.

मग ऑक्टोबर २०२३पासून त्याच टीसीएसने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. ॲमेझॉनने २ जानेवारी २०२५पासून जगभरच्या ऑफिस कर्मचाऱ्यांना तेच सांगितलं. ज्यांनी त्या दोन-तीन वर्षांच्या भरवशावर गावात घर बांधायला काढलं होतं, त्यांचं काय झालं ते तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी असेलच.

यातून पुष्कळांनी "रिमोट संपलं" असा निष्कर्ष काढला. मला वेगळं दिसतं. या कंपन्यांनी घरून काम ही सवलत म्हणून दिली होती. सवलत देणारा ती कधीही परत घेतो. त्यांचं सगळं कामकाज ऑफिससाठी बांधलेलं होतं : निर्णय मीटिंग रूममध्ये, माहिती शेजारच्या टेबलावर, बढती साहेबाच्या नजरेसमोर. घरून काम करणारा माणूस त्या यंत्रणेत कायम अर्धा गैरहजरच असतो.

दुसऱ्या जातीच्या कंपन्या वेगळ्या असतात. गिटलॅबचं उदाहरण घ्या. २०११ साली दिमित्रो झापोरोझेत्स नावाच्या प्रोग्रॅमरने युक्रेनमध्ये घरी बसून हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याच्या घरात नळाचं पाणी नव्हतं, तो सार्वजनिक विहिरीवरून पाणी भरायचा. पाण्यापेक्षा त्याला टीमसोबत काम करायला धड साधन नसल्याचा त्रास जास्त वाटत होता, असं ती कंपनी स्वतःच्या इतिहासात सांगते. ऑक्टोबर २०२१मध्ये ती अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदली गेली, आणि तेव्हाही तिचे कर्मचारी आपापल्या घरूनच काम करत होते. तिची कामाची नियमावली, म्हणजे हँडबुक, हजारो पानांची आहे आणि कुणालाही फुकट वाचता येते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या पोरांना ही गोष्ट कळायला अवघड जाऊ नये.

म्हणून पहिली चाळण तुम्ही लावा. कंपनीला मुलाखतीत विचारा : तुमचे निर्णय कुठे लिहिले जातात? तुमचा सीईओ कुठून काम करतो? नवा माणूस आल्यावर त्याला कामाची माहिती वाचायला देता की कुणाच्या शेजारी बसवता? उत्तरं गुळमुळीत आली तर समजा, ती नोकरी आज रिमोट आहे आणि पुढच्या वर्षी हिंजवडीत आहे.

पुरावा म्हणजे नेमकं काय

आता मुख्य काम. कुणाचंही गिटहब उघडा, तीच तीन प्रोजेक्ट असतात : टू-डू लिस्ट, हवामान दाखवणारं ॲप आणि नेटफ्लिक्सची नक्कल. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट तर अनेक जण सरळ विकत घेतात. रिपोर्टसकट मिळतं, वर नाव बदलायचं, बायंडिंग करायचं, झालं. हे सगळ्यांना माहीत असतं, शिकवणाऱ्यांनाही. चार वर्षं शिकून शेवटी दुसऱ्याच्या कामावर स्वतःचं नाव छापायचं, याला आपण पदवी म्हणतो आणि मग कंपन्या विश्वास ठेवत नाहीत म्हणून रडतो.

त्या नकली नेटफ्लिक्सचा खरा दोष असा की ते कुणी वापरत नाही. जे कुणी वापरत नाही त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, आणि तक्रार आली नाही तर तुम्ही काय दुरुस्त केलं हे सांगायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

माझ्या एका मित्राने हळदीच्या अडत दुकानासाठी पट्टी छापणारं छोटं सॉफ्टवेअर केलं. पोत्यांची वजनं, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात जाणारी पट्टी. ऐकायला सोपं. करायला घेतल्यावर कळलं की एकाच शेतकऱ्याचं नाव वहीत तीन प्रकारे लिहिलेलं आहे. मुनीमाला माउस नको, सगळं कीबोर्डवर पाहिजे. आणि भर सीझनमध्ये लाईन गेली की अर्धी भरलेली नोंद गायब होते. त्याने प्रत्येक अडचण एका पानावर लिहून ठेवली : काय बिघडलं, काय काय करून पाहिलं, शेवटी काय निवडलं आणि का. एका कंपनीने ते पान वाचलं. मुलाखतीतला जवळजवळ सगळा वेळ फक्त लाईन गेल्यावर नोंद कशी वाचवली यावर गेला. बंगळुरूच्या उमेदवाराकडे ही गोष्ट नव्हती, कारण त्याच्याकडे लाईन तेवढी जात नाही.

दुसरा रस्ता ओपन सोर्सचा. हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. तुम्ही जे फुकट सॉफ्टवेअर आणि लायब्ऱ्या वापरता, त्यातल्या कितीतरी जगभरची माणसं उघड्यावर मिळून बनवतात. आपल्या मुंबईत बनलेलं ईआरपीनेक्स्टही तसंच आहे, त्याचा कोड कुणीही वाचू शकतो. माझी सध्याची नोकरी मला याच रस्त्याने मिळाली. पीडीएफ बनवणाऱ्या एका लायब्ररीत मराठी मजकूर मोडत होता. जोडाक्षरं सुटी पडत होती, आणि 'कि'मधली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसत होती. त्याचं कारण असं की ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण कॉम्प्युटरमध्ये साठवली जाते अक्षराच्या नंतर. ती पुढे आणून ठेवण्याचं काम सॉफ्टवेअरला करावं लागतं. ती लायब्ररी सांभाळणाऱ्यांपैकी कुणालाच देवनागरी वाचता येत नव्हती. त्यांना चुकीचं काय दिसतंय हेच दिसत नव्हतं.

मी तक्रार लिहिली. चार ओळींचं उदाहरण, आत्ता काय छापलं जातं त्याचा फोटो, काय छापलं जायला हवं त्याचा फोटो. मग शंभरेक शब्दांची यादी दिली, ज्यांवर चाचणी घेता येईल. मग एक छोटी दुरुस्ती पाठवली. ती परत आली, सुधारून पुन्हा पाठवली. हे सात महिने चाललं. त्या लायब्ररीवर अवलंबून असलेल्या एका छोट्या कंपनीने शेवटी स्वतःहून विचारलं की आमच्याकडे काम करणार का. माझं कॉलेज कुठलं हे त्यांनी रुजू झाल्यावर कागदपत्रांसाठी विचारलं. सात महिने माझं काम, माझा स्वभाव, चूक दाखवल्यावर मी चिडतो की दुरुस्त करतो, हे सगळं त्यांनी वाचलेलं होतं. वेगळ्या ओळखीची गरज उरली नव्हती.

तुम्हाला हेच करायचं असेल तर एकच प्रोजेक्ट निवडा, जे तुम्ही खरंच वापरता. पहिले दोन आठवडे फक्त लोकांच्या तक्रारी वाचा. एखादी तक्रार स्वतःच्या मशीनवर घडवून बघा आणि काय दिसलं ते लिहा. कोडची एक ओळही न लिहिता केलेली ही मदत प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना फार मोलाची असते. मग कागदपत्रांतली एखादी चूक, मग छोटी दुरुस्ती. दहा प्रोजेक्टमध्ये एकेक स्पेलिंग सुधारून हिरवे ठिपके गोळा करणाऱ्यांना सगळे ओळखून असतात, त्या वाटेला जाऊ नका. सहा महिने एकाच दारात जा.

यासाठी मानधन देणारे कार्यक्रमही आहेत. गुगल समर ऑफ कोड २००५पासून चालू आहे आणि २०२२पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुलं झालं. आउटरीची ही तीन महिन्यांची रिमोट इंटर्नशिप, ज्यांना या क्षेत्रात शिरकाव करताना भेदभाव सोसावा लागतो अशांसाठी आहे. दोन्हीकडे निवड होण्याआधी तुम्ही त्या प्रोजेक्टशी काय बोललात, काय काम करून दाखवलंत, याला वजन असतं. आपल्या किती कॉलेजांतल्या नोटीस बोर्डवर यांची नावं कधी लागली?

इंग्रजीची भीती

"दादा, माझं इंग्लिश कच्चं आहे." या वाक्यावर जिल्ह्या-जिल्ह्यांत स्पोकन इंग्लिशचे क्लास उभे आहेत. रिमोट कामात बोलण्यापेक्षा लिहिणं कितीतरी जास्त असतं. माझ्या दिवसात बोलण्याचा वेळ अर्धा-पाऊण तास, बाकी सगळं लेखी. उच्चार मराठी वळणाचा असला तर कुणाचंही काही अडत नाही. अडतं ते तुमचा मेसेज वाचून समोरच्याला तीन प्रश्न परत विचारावे लागले की.

चांगला मेसेज कसा असतो? मी काय करत होतो. काय व्हायला हवं होतं. काय झालं. मी काय तपासलं. आता मला तुमच्याकडून काय हवंय. पाच छोटी वाक्यं. यासाठी मोठे शब्द लागत नाहीत, डोक्यात गोंधळ नसावा लागतो. आधी मराठीत लिहा, ते घरातल्या कुणाला वाचून दाखवा, त्यांना कळलं तर इंग्रजीत करा. मराठीत ज्याला आपली अडचण सरळ सांगता येत नाही, त्याची ती अडचण इंग्रजीच्या क्लासने सुटणार नाही.

'पुण्याला जा' म्हणणाऱ्यांचा खरा मुद्दा

या बाजूला एक वजनदार मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. नव्या माणसाला शेजारी बसणारा अनुभवी माणूस लागतो. काम बघून शिकणं, चहाच्या टपरीवर कानावर पडलेलं, कुणीतरी खांद्यावरून वाकून "हे असं काऊन केलं रे?" असं विचारणं, याची जागा व्हिडिओ कॉल घेत नाही. माझ्या पुण्याच्या तीन वर्षांनी मला पुष्कळ दिलं. ज्याला शक्य आहे त्याने पहिली एक-दोन वर्षं पुण्यात, नागपुरात, नांदेडमध्ये, कुठेही चांगल्या टीममध्ये बसून काढावीत, असंच मी सांगतो.

पण "ज्याला शक्य आहे त्याने" हे चार शब्द त्या सल्ल्यात कधीच नसतात. माझी एक वर्गमैत्रीण वर्गात माझ्यापेक्षा हुशार होती. पुण्यात टेस्टिंगची नोकरी करत होती. लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात आली, नोकरी सुटली, मग बाळ झालं. तिला "पुण्याला जा" म्हणणं म्हणजे सल्ला देणं नाही, दार लावून घेणं आहे. जिच्या घरचे पुण्याला पाठवतच नाहीत ती मुलगी, ज्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे तो एकुलता एक, ज्याला जिना चढता येत नाही तो पोरगा, ही सगळी माणसं तुमच्या सल्ल्यात कुठे बसतात? माझ्या मैत्रिणीने वर्षभर एका ओपन सोर्स प्रोजेक्टच्या चाचण्या केल्या, रात्री बाळ झोपल्यावर. आज ती घरून काम करते. तिच्यासारख्या कितीजणींना हा रस्ता असतो हेच कुणी सांगितलेलं नाही.

आणि काम गावाकडे येऊच शकत नाही, हा तर निव्वळ आळस आहे. तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या मथलमपराई गावात झोहोने २०११ सालीच ऑफिस थाटलं. तिथे बसून बनलेलं सॉफ्टवेअर जगभर विकलं जातं. ते ऑफिस आहे, रिमोट नाही, पण डोकं फक्त महानगरात चालतं हा समज मोडायला तेवढं पुरे.

'घरबसल्या'वाल्यांपासून सावध

दुसऱ्या सल्ल्याची काळी बाजूही बघू. रिमोट नोकरीची भूक जिथे मोठी, तिथे ती खाणारेही येतात. टेलिग्रामवर व्हिडिओ लाईक करायचे, आधी दीडशे रुपये खरंच खात्यात येतात, मग 'प्रीपेड टास्क'साठी पाच हजार भरा, पन्नास हजार भरा. ६ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा अर्धवेळ नोकरीच्या नावाने फसवणाऱ्या शंभरावर वेबसाइट बंद केल्याचं जाहीर केलं. नव्या रोज उगवतात.

दुसरा प्रकार डेटा एन्ट्रीचा. घरबसल्या टायपिंग, ऑनलाइन करारावर सही, आठवड्याने "तुमच्या कामात चुका जास्त आहेत, करार मोडला, कोर्टाची नोटीस येईल, नाहीतर इतके हजार भरा." नोटीस वकिलाच्या नावाची असते, माणूस घाबरतो, आईचं गहाण टाकून पैसे भरतो. भरू नका. नियम साधा आहे : नोकरी देणारा तुम्हाला पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कशाच्याही नावाने मागितले की तिथेच थांबा. गेले असतील तर लाज बाळगत बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

नोकरी लागल्यावर

लहान परदेशी कंपनी बहुतेक वेळा तुम्हाला कर्मचारी म्हणून घेत नाही, कंत्राटावर घेते. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारी पडलात तर आरोग्य विमा तुमचा तुम्हाला काढायचा. पगाराचा आकडा ऐकून हुरळण्याआधी हे सगळं त्यातून वजा करून बघा. करारात तीन गोष्टी शोधा : काढून टाकायचं असेल तर किती दिवस आधी सांगतील, पैसे किती तारखेला येतील, आणि तुमच्या रिकाम्या वेळातल्या कामावर त्यांचा हक्क आहे का.

कराचंही समजून घ्या. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. इंजिनिअरिंग किंवा तांत्रिक सल्ल्याचं काम करणाऱ्यांसाठी प्राप्तिकरात एक सोपी तरतूद आहे. मिळकतीचा निम्मा हिस्सा नफा धरून कर भरायचा, प्रत्येक खर्चाची वही ठेवत बसावं लागत नाही. ती तुम्हाला लागू होते का हे एखाद्या सीएला एकदा फी देऊन विचारा. बँकेत परदेशातून आलेल्या पैशांचे कागद जपून ठेवा. गृहकर्ज मागायला जाल तेव्हा मॅनेजर पहिला प्रश्न "पगारपत्रक कुठंय?" असा विचारेल.

घरी दोन इंटरनेट ठेवा, एक फायबर आणि एक वेगळ्या कंपनीचं सिम. इन्व्हर्टर राऊटरला जोडा, पंख्याला नंतर. आणि खोलीचं दार बंद करायला शिका. घरात दिसणारा माणूस रिकामाच असतो अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. गॅस सिलिंडर आणणं, आत्याला बसस्टँडवर सोडणं, बँकेत पासबुक भरणं, सगळं तुमच्याकडे येतं. माझ्या गल्लीतल्या एका काकांना पहिलं वर्षभर खात्री होती की मला पुण्यातून काढून टाकलंय. "काऊन रे, लागलं का काही?" असं ते सहानुभूतीने विचारायचे.

हे एकट्याने करायचं काम नाही

इथपर्यंतचं सगळं तुम्ही स्वतः करू शकता. पण सगळा भार तुमच्या खांद्यावर टाकून मोकळं होणं ही त्या व्हिडिओवाल्यांचीच रीत झाली.

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा रेल्वेमार्ग २००८च्या सुमारास मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाला. उमरखेड त्या मार्गावर आहे, कागदावर. शेजारच्या पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. तरी आपली पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेच पुण्याला जातात. मोठ्या गोष्टींची वाट बघायची सवय आपल्याला आहेच, म्हणून मी एक छोटी गोष्ट मागतो.

प्रत्येक तालुक्याच्या गावात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. पोरं तिथे वर्षानुवर्षं बसतात, मोजक्या जागांसाठी. नगरपालिकेच्या अभ्यासिकेतली एक खोली घरून काम करणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना द्या. चांगलं फायबर, इन्व्हर्टर, दहा खुर्च्या, फोनवर बोलायला एक बंद कोपरा, आणि मुलींसाठी संध्याकाळी सातपर्यंत निर्धास्त बसता येईल अशी व्यवस्था. याला आयटी पार्कचं भूमिपूजन लागत नाही. शेजारी बसून शिकवणारा अनुभवी माणूस पुण्यातच भेटतो असं म्हणणाऱ्यांना उत्तरही याच खोलीत आहे. माझ्यासारखे गावातून काम करणारे चार-पाच जण तिथे बसले, तर नव्या पोराच्या खांद्यावरून वाकून विचारणारं कुणीतरी उमरखेडमध्येही असेल.

आणि कॉलेजांनी शेवटच्या वर्षाचा तो बायंडिंग केलेला रिपोर्ट एक वर्ष बंद करून बघावा. त्याऐवजी एकच अट ठेवा : खऱ्या माणसाने वापरलेलं काही बनवा, किंवा कुठल्याही ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये स्वीकारली गेलेली एक दुरुस्ती दाखवा, आणि त्यावर दोन पानं स्वतःच्या शब्दांत लिहा. विकत मिळणार नाही अशी ती पहिली गोष्ट असेल.

नगरपालिका आणि कॉलेज हे कधी करतील सांगता येत नाही. तोवर ज्यांना मला रिझ्युमे पाठवायचाय, त्यांना माझं सांगणं असं की तो पाठवू नका. तुम्ही वापरत असलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरमधली एक चूक शोधा, ती पाच वाक्यांत लिहा आणि ते पाठवा. मी नक्की वाचेन, आणि काय कमी आहे तेही सांगेन.